पहिल्या कुंकवाचा मान

"अक्का, तू येऊ नगंस असं कुणी म्हणत न्हाई," राजनंदिनी म्हणाली आणि बशीतला चहा उगीचच फुंकत बसली. चहा केव्हाच गार झाला होता.

पुढे 'पण' येणार हे सिदूला, म्हणजे तिच्या या अक्काला, कळलं. साठीला टेकलेल्या माणसाला एवढं कळतंच. तो शर्टाला चिकटलेले दोऱ्याचे तुकडे एकेक करून काढत राहिला. कारखान्याच्या दारातल्या या टपरीवर दुपारच्या सुट्टीत बसायला जागा मिळत नाही, पण आज अर्धा कारखाना गड्ड्याच्या यात्रेला पळाला होता. संक्रांत आली की सोलापूरचं कामात लक्ष नसतं. होम मैदानावरचे पाळणे फिरायला लागले, की शाळेच्या गणवेशांना बटणं नसली तरी कुणाचं काही अडत नाही.

"पण काय?" शेवटी त्यानंच विचारलं.

"पण भांडणं लागल्यात की. पहिलं कुंकू कुणाला लावायचं, यावरनं. बजाबाई म्हणती, यंदा वैष्णवीला लावा, रीत ती रीत. बुद्धभूषण म्हणतो, अक्कालाच लावायचं, न्हाईतर हळदीकुंकूच बंद करा. वैष्णवी सकाळपासनं रडलालीय. मी कुणाकुणाला धरू, सांग की!" राजनंदिनीनं बशी खाली ठेवली. "तुझं तूच ठरीव. तू म्हणशील तसं करू."

"येतो की मी रविवारी."

"येशील, ते झालं. लावून घेणार का न्हाई?"

आतून चनबसप्पाअण्णांची हाक आली. कारखान्याचे मालक दुपारच्या सुट्टीच्या बाबतीत फार काटेकोर होते, मग बाहेर यात्रा असो की लग्न. सिदू उठला. "चहाचं मी देतो," एवढंच म्हणून तो आत गेला आणि काजाच्या मशीनवर बसला. त्या मशीनची खडखड एकदा सुरू झाली, की माणसाला कुणाला काही उत्तर द्यावं लागत नाही. गेले अडीच महिने सिदूला त्या खडखडीचा मोठा आधार झाला होता.

हे भांडण काय होतं, ते सांगायला हवं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर बायकांची हळदीकुंकवं होतात, तसं एक सिदूच्या लोकांचंही होतं. सिदूचे लोक म्हणजे कोण, हे पूर्वी धड सांगता यायचं नाही. शिव्या तेवढ्या होत्या. आता त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या पाटीवर लांबलचक नाव आहे आणि त्यात इंग्रजी अक्षरंही आहेत. पुरुषाच्या जन्माला येऊन पुरुषावर जीव लावणारे, आणि त्याच जन्मात बाई होऊन जगणारे, असे ते लोक. कुणी यंत्रमागावर, कुणी हॉटेलात, कुणी बँकेत टाय लावून. राजनंदिनी मिसरूड फुटायच्या आत मोहोळहून मार खाऊन पळून आलेली. बजाबाई तर यल्लम्माला सोडलेली. गळ्यात कवड्यांची माळ, केस पांढरेशुभ्र, आणि तोंड असं, की स्टँडवरचे हमालही तिला वाट देतात.

पहिलं हळदीकुंकू सिदूच्याच भाड्याच्या खोलीत झालं, तो तिशीत असताना. घरमालकिणीला सांगितलं होतं, की भजनी मंडळ आहे. त्यामुळे मधूनमधून अभंग म्हणावे लागत. एक अभंग झाला, की एकीनं उखाण्यात नाव घ्यायचं, आणि हसू फुटायच्या आत दुसऱ्यांनी टाळ वाजवायचे. ज्या पुरुषांनी चारचौघांत ओळखसुद्धा दिली नसती, त्यांची नावं त्या खोलीत अगदी अहो-जाहो करून घेतली जात. सिदूचा उखाणा ठरलेला होता:

"काजाला बटण, बटणाला दोरा,
ईश्वरप्पांचं नाव घेते, दाराला कडी घाला जरा."

मान तेव्हाच ठरला. जिचा माणूस सगळ्यांत जास्त टिकला, तिला पहिलं कुंकू. बाहेरच्या बायकांत वयाचा मान असतो, नात्याचा असतो, यांच्यात टिकण्याचा. कारण टिकत कुणाचंच नसे. कुणाचा माणूस लग्न करून जाई, कुणाचा नोकरीला पुण्याला जाई आणि तिकडचाच होई. कुणाला पोलीस, हे लोक जिथं भेटत त्या पार्कातून उचलून नेत, आणि सुटून आलेला माणूस पुन्हा त्या बाजूला फिरकत नसे. मग तो आजार आला. पार्कातली शकू गेली, स्टँडवरची बेबी गेली, टाळ वाजवणाऱ्या दोघी एकाच पावसाळ्यात गेल्या. घरच्यांनी त्यांना पुरुषांच्या नावांनी पोहोचवलं. त्या नावांनी त्यांना कुणीच ओळखत नव्हतं, म्हणून इकडच्या कुणाला वेळेवर कळलंही नाही.

या सगळ्यात ईश्वरप्पा टिकला. टॉवेलच्या कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. पार्कात पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्या शर्टाचं वरचं बटण नव्हतं, आणि सिदूच्या खिशात सुई-दोरा असायचाच. सिदूनं तिथल्या बाकावर बसून बटण लावलं. दोरा दातानं तोडताना त्याचं तोंड ईश्वरप्पाच्या गळ्याजवळ गेलं, आणि दोघंही तसेच थोडा वेळ राहिले. एवढंच झालं होतं. त्यावर अठ्ठावीस वर्षं निघाली.

ईश्वरप्पाचं नुकतंच लग्न झालेलं होतं, पुढे पोरंही झाली. त्यानं काही लपवलं नाही आणि सिदूनं काही मागितलं नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तो सिदूच्या खोलीवर यायचा. जेवायचा, पंख्याचा कर्कश आवाज दुरुस्त करायचा, पाठीला तेल लावून घ्यायचा. यात्रेत नंदीध्वजाच्या काठीला हात लावायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. त्यासाठीच्या पांढऱ्या बाराबंदीचे बंद दरवर्षी सिदू शिवून द्यायचा, आणि मिरवणुकीत गर्दीतून लांबून बघायचा. दिल्लीच्या कोर्टानं त्यांना गुन्हेगार ठरवणारं कलम काढून टाकलं तेव्हा संस्थेच्या केंद्रावर पेढे वाटले. पुढे लग्नाचा खटला झाला, आणि ते संसदेनं बघावं असं कोर्ट म्हणालं, तेव्हा टीव्हीसमोर बसलेली सगळी पोरं रडली. सिदूनं त्या संध्याकाळी ईश्वरप्पाला हे सांगितलं. तो भाकरी मोडत होता. "त्यांचं न्हाई झालं आसंल," तो म्हणाला, "आपलं झालंय की." आणि शेंगाचटणी मागून घेतली.

केंद्र म्हणजे संस्थेनं दाजी पेठेत भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या, सायकलच्या दुकानाच्या वर. खोली सोडून हळदीकुंकू तिकडे गेलं त्याला बरीच वर्षं झाली. ईश्वरप्पा दरवर्षी खाली मोटरसायकलला टेकून उभा राहायचा. सिदू हिरवी इरकल नेसायचा, ती साडीही त्यानंच आणलेली. पण वर मात्र तो कधी आला नाही. "वर चला की," असं कुणी म्हटलं, तर मान हलवून म्हणायचा, "बायकांच्यात माझं काय काम?" त्याचं हे एक वाक्य सिदूला पुढच्या संक्रांतीपर्यंत पुरायचं.

खाली उतरताना सिदू परत शर्ट-पॅन्टीत असायचा. शेवटच्या पायरीवर थांबून तो रुमालानं कपाळ पुसायचा. देवळातून आलेल्या पुरुषाच्या कपाळावर बोटभर ओढलेलं काहीतरी असतं, रुपयाएवढं गोल कुंकू नसतं. तेवढ्यावरूनही दाजी पेठेत चर्चा झाली असती. ईश्वरप्पा पायरीपाशी यायचा, त्याचं तोंड उजेडाकडे वळवायचा आणि म्हणायचा, "ऱ्हायलंय की बे थोडं." मग आपल्या अंगठ्यानं ते पुसून काढायचा. ज्याच्या नावाचं कुंकू, त्यानंच ते पुसायचं, याचं सिदूला कधी वाईट वाटलं नाही. अंगठा मागाच्या तेलानं खरखरीत झालेला असायचा आणि तो जरा जास्तच वेळ फिरायचा.

दिवाळी झाल्यावर एका गुरुवारी ईश्वरप्पा आला नाही. सिदूनं फोन लावला, तर पलीकडे कोवळा आवाज होता. ईश्वरप्पाचा धाकटा मुलगा, अजिंक्य.

"बाबा गेले. सकाळीच. कारखान्यात छातीत कळ आली." मुलाचा आवाज फाटला. "आपण कोण?"

"मी... सिदू."

"हां. सिदू काजबटण. नाव आलंय इथं," मुलगा म्हणाला. "उद्या सकाळी माती आहे."

त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात; माती द्यायला सिदू गेला. मागच्या रांगेत उभा राहिला, पाळी आली तेव्हा मूठभर माती टाकली आणि बाजूला झाला. त्याच्यामागे कारखान्यातले तिघं होते. त्यांनीही तेवढीच टाकली. घरासमोरून परतताना आतून बायकांचा आक्रोश ऐकू आला. ईश्वरप्पाच्या बायकोला, गोजरबाईला, धरून बसल्या होत्या सगळ्या. एकजणी हेल काढून सांगत होती: गं तुझं कुंकू गेलं, गं तुझा आधार गेला. सिदू रस्त्याच्या पलीकडे उभा राहून ते ऐकत होता. त्याला गोजरबाईचा हेवा वाटला. नवरा मेलेल्या बाईचा हेवा! त्याची त्याला इतकी लाज वाटली, की तो भरभर चालायला लागला आणि वाटेत एका रिक्षाखाली येता येता वाचला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर होता. चनबसप्पाअण्णांनी त्याचे सुजलेले डोळे बघितले.

"काय झालं रे?"

"मित्र वारला."

"अरेरे. वय काय?" असं विचारून उत्तर यायच्या आत अण्णा पुढच्या मशीनकडे गेले. वाईट माणूस नव्हता तो. मित्रासाठी जेवढं वाईट वाटायची पद्धत आहे, तेवढं त्यानं वाटून घेतलं होतं.

राजनंदिनी आणि पोरं दोघं-तिघं करून खोलीवर आली. पण सिदूनंच त्यांना जवळ येऊ दिलं नाही. त्यांना चहा केला, बिस्किटं ठेवली. बजाबाईनं गळ्यात पडायला हात पसरले, तर तो कपबशा उचलून मोरीकडे गेला. "माझं काय गेलंय?" तो पाठमोराच म्हणाला. "जिचं गेलं तिचं गेलं. माझं काय नाव हुतं?" पोरं चहा पिऊन गेली.

तो गोजरबाईकडे गेला, तो महिना उलटल्यावर. जावं की जाऊ नये, यात तेवढे दिवस गेले. ती उंबऱ्याशी भाजी निवडत होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, हात मोकळे. त्याला बघून तिनं पदर सारखा केला.

"या की, सिदूभाऊ. बसा."

आजपर्यंत ती त्याच्याशी जेमतेम चार वेळा बोलली असेल. तिनं सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मग दोघंही भाजीकडे बघत राहिले.

"यांच्या शर्टाचं बटन कदी तुटलं न्हाई," गोजरबाई एकदम म्हणाली. "लगीन झाल्यापासनं मी सुई हातात धरली न्हाई बगा. बाकीच्या बायका बोलायच्या, आमचा नवरा बटनं तोडून येतोय. मी गप बसायची."

तिच्या तोंडावर राग शोधावा म्हणून सिदूनं वर बघितलं, पण तिथं नुसता थकवा होता. चहा आला. तो त्यानं पिऊन टाकला आणि उठला.

"मला भेटाय रोज येत्यात लोकं," दारापर्यंत येत ती म्हणाली. "मला धरून रडत्यात. नगं वाटतंय आता." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "तुमाला भेटाय आलं का कोण?"

"मला कशाला कोण येतंय, वैनी?"

भाजीची देठं मुठीत तशीच होती. "आलं तर येऊ द्या," ती म्हणाली, आणि आत गेली.

रविवारी दुपारी सिदूनं ट्रंक उघडली. हिरवी इरकल वरच होती, डांबरगोळ्यांचा वास येणारी. तो ती मांडीवर घेऊन बराच वेळ बसला. नेसली, तर सगळं पूर्वीसारखं होईल. पोरं टाळ्या वाजवतील, राजनंदिनी पहिलं बोट त्याच्याच कपाळाला लावेल, बुद्धभूषण फोटो काढेल. आणि मग सिदूचा माणूस मेला, हे या जगात कुठंच झालेलं नसेल. कोर्टात नाही, कारखान्यात नाही, कबरीपाशी नाही, आणि आता या दोन खोल्यांतही नाही. त्यानं साडी ट्रंकेत ठेवली आणि पांढरा शर्ट घातला.

केंद्रावर सतरंज्या अंथरल्या होत्या. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या होत्या, ओटीसाठी हरभऱ्याचे घाटे, बोरं आणि उसाची कांडी. पोरं नटून बसली होती. बँकेतल्या गड्यानं नाकात चापाची नथ घातली होती आणि तो तिला सारखा हात लावून बघत होता. सिदूला शर्टात बघून सगळ्यांच्या माना वळल्या. तो नेहमीच्या जागी, पुढे, करंड्याजवळ गेला नाही. मागच्या भिंतीला टेकून बजाबाई बसली होती, तिच्याशेजारी जाऊन बसला. म्हातारीनं त्याच्याकडे बघितलं नाही, पण बूड सरकवून जागा दिली.

राजनंदिनीनं करंडा उचलला. सवयीनं ती आधी सिदूकडेच वळली. सतरंजी ओलांडून आली, वाकली, कुंकवात बोट बुडवलं आणि तिचा हात हवेतच राहिला. बोटाच्या टोकावर लाल कुंकू, आणि पुढे सरकेना की मागे जाईना.

"लावा, ताई," बुद्धभूषण पुढे झाला. तो केंद्रावरचा समुपदेशक, पंचविशीतला पोरगा. स्वभावानं सरळ आणि कुणावरही अन्याय झाला की त्याला जेवण जायचं नाही. "अक्का, तुम्ही मागं बसायचंच नाही. आपण इथं कुणाला विधवा-बिधवा मानत नाही. आता खेड्यातल्या ग्रामपंचायतीसुद्धा ठराव करायला लागल्यात, की हे बंद. माझ्या आजीला आयुष्यभर शुभकार्यात मागं बसवलं लोकांनी. मी बघितलंय. ते मी इथं होऊ देणार नाही."

त्याचं खोटं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सिदूला त्या पोराची माया आली, आणि म्हणूनच बोलणं अवघड झालं. त्यानं राजनंदिनीचं मनगट धरलं, हलकेच.

"तुझ्या आजीला सगळ्या गावानं विधवा म्हटलं, बाळा. म्हणून तिला ते नको हुतं," तो म्हणाला. "मला कुणीच म्हटलं न्हाई."

बुद्धभूषणनं डोळे पुसले.

"मला सुट्टी न्हाई मिळाली. मला कुणी विचारलं न्हाई, की बाबा कसं झालं. त्याच्या पोरानं विचारलं, आपण कोण, तर मला सांगता आलं न्हाई." सिदू राजनंदिनीकडे वळला. "तू कुंकू लावलंस, तर माझं काय झालंच न्हाई असं हुतंय बघ. नगं लावू. माझा नवरा गेला. ईश्वरप्पा गेले."

हे शब्द त्यानं आजवर एकट्यानंसुद्धा उच्चारले नव्हते. राजनंदिनीनं बोट आपल्या पदराला पुसलं. पैठणीवर लाल डाग पडला, तरी तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

मग बुद्धभूषण त्याच्यासमोर मांडी घालून बसला. कुणाच्या घरी भेटायला गेल्यावर बसतात तसा, हात गुडघ्यांवर ठेवून. काय विचारायचं असतं, ते त्याला आठवायला जरा वेळ लागला.

"कसं झालं, अक्का?" त्यानं विचारलं. "दुखत होतं का त्यांना आधी?"

"न्हाई रे. चांगले हुते. मंगळवारी जेवून गेले..." सिदू म्हणाला, आणि त्यानं तोंड दोन्ही हातांत धरलं.

बजाबाईनं त्याला ओढून कुशीत घेतलं. तिच्या गळ्यातल्या कवड्या त्याच्या गालाला टोचल्या. तिनं तोंड वर केलं आणि हेल काढला, गावाकडच्या बायका काढतात तसा, थेट पोटातून. "गं माझ्या लेकी, गं तुझा धनी गेला! गं खाली गाडी लावून हुभा ऱ्हायचा, गं आता कोण हुभा ऱ्हाईल!" तिच्यामागून दुसरी उठली, तिसरी उठली. नथ घातलेला बँकेतला गडी सिदूच्या पायांशी बसून हुंदके देऊ लागला. कोण ईश्वरप्पासाठी रडत होतं, कोण शकूसाठी, बेबीसाठी, आपल्या निघून गेलेल्या माणसासाठी, ते सांगता येत नव्हतं. तीस वर्षांचं राहून गेलेलं रडणं त्या दोन खोल्यांत एकदम आलं.

कुणीतरी लगबगीनं खिडकी लावायला उठलं. खाली सायकलचं दुकान होतं, रस्त्यावर माणसं होती.

"असू दे उघडी," सिदू म्हणाला.

सगळं शांत झाल्यावर त्यानंच वैष्णवीला पुढे बोलावलं. तिचा माणूस रिक्षा चालवायचा, आणि सिदूच्या खालोखाल तीच दोघं टिकली होती. ती येईना. "मला नको तो मान, अक्का," म्हणत तिनं मान खाली घातली. "घे गं. बरा हाय तुझा नवरा," सिदू म्हणाला. "त्याला वर बोलवत जा मात्र. खाली उभं करू नगंस." राजनंदिनीनं वैष्णवीला कुंकू लावलं, मग रांगेनं बाकीच्यांना. सिदूसमोरून ती तशीच पुढे गेली. नुसता तिळगूळ त्याच्या तळहातावर ठेवला, आणि वाकून नमस्कार केला. त्यानं तिळगूळ तोंडात टाकला. तो गोड होता, याचंही त्याला जरा वाईट वाटलं.

ऊन उतरायला लागलं तसा तो निघाला. जिन्यात अर्धवट अंधार होता. वरून पोरांचे आवाज येत होते, कुणीतरी उखाणा घेत होतं. भिंतीला हात लावत तो खाली आला. शेवटच्या पायरीवर त्याचे पाय आपोआप थांबले, हातानं खिशातून रुमाल काढला आणि कपाळावरून फिरवला. रुमाल पांढराच राहिला. समोर सायकलवाल्यानं पंक्चर काढायला एक सायकल उलटी करून ठेवली होती, मोटरसायकल लावायच्या जागेवर. सिदूनं तोंड थोडं उजेडाकडे वळवलं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं.

मग त्यानं रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि तो रस्त्यावर उतरला.